सुवेझ, पनामा आणि आमचा पाट

मी तीस वर्षं जळगावच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवला. त्या काळात सुवेझ कालवा इतक्या वेळा फळ्यावर काढला की आजही झोपेतून उठवून कोणी हातात खडू दिला तर काढीन. त्यात माझं कौशल्य काही नाही. वर भूमध्य समुद्र, खाली तांबडा समुद्र, मधे एक उभी रेघ. पनामाला मात्र नाटक करावं लागे, कारण तिथे जहाज डोंगर चढतं. दोन दरवाज्यांमधल्या हौदात जहाज घ्यायचं, हौद भरायचा, जहाज वर आलं की पुढचा दरवाजा उघडायचा. हे मी खुर्चीवरून टेबलावर चढून दाखवत असे. एका वर्षी उतरताना पाय मुरगळला आणि पंधरा दिवस पट्टी बांधून फिरले. त्या तुकडीतल्या मुली अजून भेटल्या की पनामाचीच आठवण काढतात.

वर्गात मी दरवर्षी सांगायचे, की मुलींनो, मी स्वतः एकही कालवा पाहिलेला नाही. हे मी अगदी मनापासून सांगत असे आणि ते साफ खोटं होतं. माझं माहेर धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठावर. नदीत आडवा दगडी बंधारा आहे, तो किती जुना ते गावात कोणालाच माहीत नाही, आणि त्याच्या कुशीतून निघालेला पाट गावाच्या शेतांना वळसा घालत तीनेक कोस जातो. त्या पाटात मी पोहायला शिकले, धुणी धुतली, दोन जोड चपला वाहून घालवल्या. पण पुस्तकात त्याचं चित्र नव्हतं, त्यात म्हशी बसायच्या, आणि त्याचा पाटकरी म्हणजे माझा धाकटा भाऊ होता. ज्याचं नाक आपण पदराने पुसलं तो माणूस जे सांभाळतो ते जगातल्या कालव्यांत मोडत असेल असं मनातसुद्धा येत नाही.

पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी वाटणारा. आमच्याकडे शेतं फडांत विभागलेली आहेत. फड म्हणजे शेतांचा एक सलग पट्टा, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. उसाच्या फडात ऊस, गव्हाच्या फडात गहू. त्याहून महत्त्वाचा नियम असा, की पाणी शेताच्या मालकाने सोडायचं नाही. ते काम गावाने नेमलेल्या बारेकऱ्यांचं. ते शेतोशेत पाणी देत फिरतात आणि पाटकरी त्यांच्यावर. पाळी सुरू होते ती पार शेवटच्या टोकाच्या शेतापासून, आणि मग वर वर सरकत बंधाऱ्याकडे येते. त्यामुळे बंधाऱ्याजवळच्या माणसाला सगळ्यात शेवटी पाणी. आमचं शेत बंधाऱ्याला लागून आहे. आठ-आठ दिवस पाणी आमच्या बांधाला घासून दुसऱ्याकडे जातं आणि आमचा ऊस ते बघत उभा असतो.

भाऊला जगातल्या कालव्यांचा नाद मीच लावला. काही वर्षांपूर्वी सुवेझमध्ये एक भलं मोठं जहाज आडवं होऊन अडकलं, तेव्हा त्याचा सकाळी सकाळी फोन आला.

"अक्का, तठला पाट तुंबना म्हने. पाटकरी कोठे व्हता?"

मी म्हटलं, तिथे पाटकरी नसतो. तो म्हणाला, "मंग तुंबाव नही ते काय व्हई?" पुढे त्याने विचारलं, की इकडून येणारी आणि तिकडून येणारी जहाजं, यांत आधी पाळी कोणाची? तीस वर्षं मी रेघ काढली, पण त्या रेघेवर आधी कोण जातं हा प्रश्न मला पडला नव्हता. मी दोन दिवस शोधून काढलं, की जहाजांचे ताफे करतात आणि वेळ लावून सोडतात. हे सांगितल्यावर त्याचं समाधान झालं. "म्हंजे शे पाटकरी. तुले माहीत नव्हता," तो म्हणाला.

पनामाने मात्र त्याला त्रास झाला. जहाज चढवायला वरच्या तळ्यातलं पाणी वापरतात आणि ते शेवटी समुद्रात जातं, हे मी सहज बोलून गेले.

"गोडं पानी?"

"हो, गोडं."

"कोना वावरले जास?"

"कोणाच्याच नाही. समुद्रात."

भावजय नंतर सांगत होती, की त्या दिवशी तो दुपारी जेवला नाही. ताटावरून उठला आणि बंधाऱ्यावर जाऊन बसला.

तर हा असा माणूस. वडिलांच्या मागे पाटकरीपण त्याच्याकडे आलं, पण ते वारशाने मिळत नाही. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सगळे शेतकरी बंधाऱ्यावर जमतात आणि वर्षाचा पाटकरी ठरवतात. भाऊचं नाव दरवर्षी निघायचं आणि पुढच्या क्षणी लोक चहाचं बोलायला लागायचे. मी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी मात्र तसं होणार नव्हतं.

टोकाच्या शेताचे मालक एक नाना आहेत. उंच, वाळकुडे, डोक्याला कायम टॉवेल. मालकाने शेतात यायची गरज नसते, तरी पाळीच्या दिवशी नाना बांधावर उभे राहून पाणी मोजल्यासारखं बघत बसतात. त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं आणि नाना गावभर म्हणत होते, की टोकाला धार बारीक येते, आणि पाटकऱ्याचं वावर तर अगदी वर आहे, आता जास्त काय बोलू. बोलून झाल्यावर ते आपल्या पुतण्याचं नाव घ्यायचे. भाऊने आयुष्यात आपल्या उसाला बिनपाळीचं ओंजळभर पाणी दिलं नव्हतं. तो रागावलासुद्धा नाही. फक्त मी गेले तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं दिसलं, आणि मला नानांचा भयंकर राग आला. भाऊकडून पाटकरीपण गेलं असतं तर तो सकाळी उठून कुठे गेला असता, हे मला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना.

आता माझं कर्तृत्व सांगते. आखाजीला दोन दिवस होते. भावजय सांजोऱ्या करत होती आणि माझ्या सांजोऱ्या तळताना फुटतात म्हणून तिने मला प्रेमाने घराबाहेर काढलं. मी छत्री घेऊन पाटाच्या कडेने निघाले. पाळी त्याच सकाळी सुरू झाली होती, म्हणजे पाणी नानांच्या टोकाकडे चाललं होतं. भाऊही तिकडेच गेला होता. आमच्या शेतापाशी आले तर उसाची पानं सुरळ्या होऊन उभी. आणि हातभर अंतरावरून पाणी मजेत चाललेलं.

मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करते. पाटाच्या काठाला आमच्या शेताकडचं तोंड चिखल-गवताने बुजवलेलं होतं. मी छत्रीचं टोक त्यात खुपसलं. मला वाटलं, थोडंसं जाईल, चुळकाभर, उसाची तहान भागेल, कोणाला कळणारही नाही. शिवाय जगातले एवढे दरवाजे मी टेबलावर चढून उघडले होते, हे तर एक मातीचं बूच होतं. छत्री बाहेर काढली. पाण्याची एक करंगळीएवढी धार आली. मी तिच्याकडे कौतुकाने बघत होते तोवर ती मनगटाएवढी झाली, आणि मग काठाचं एक ढेकूळ आत पडलं आणि पाट आमच्या उसात शिरला.

पाच-दहा मिनिटं मी खूश होते, हे लपवत नाही. मग बंद करायला गेले. चिखल टाकला, वाहून गेला. गवत टाकलं, तेही गेलं. छत्री उघडून आडवी लावली, ती उलटी होऊन उसात गेली. हातातली कापडी पिशवी कोंबली. पाणी तिच्या दोन्ही बाजूंनी येऊ लागलं. शेवटी दुसरं काही सुचेना, म्हणून मी साडी खोचली आणि त्या तोंडात स्वतःच बसले.

पाणी थांबलं. म्हणजे बरंचसं थांबलं. मी हलले की यायचं, म्हणून मी हलत नव्हते. त्या क्षणी मला सुवेझमधलं ते जहाज आठवलं आणि त्याच्या कप्तानाबद्दल मी वर्गात जे बोलले होते तेही आठवलं. साठीच्या बाईने भर उन्हात पाटात बसून आजूबाजूला बघत राहायचं, यात एक चांगलं असतं, ते म्हणजे गार वाटतं.

थोड्या वेळाने म्हातारा बारेकरी खांद्यावर फावडं घेऊन आला. मला बघून थांबला.

"अक्का, आठे कसाले बठनात?"

"जरा गार वाटतं," मी म्हटलं.

त्याने माझ्या मागे बघितलं. तिथे ऊस घोट्याएवढ्या पाण्यात उभा होता आणि माझी छत्री तरंगत होती. त्याने फावडं खाली ठेवलं, हात जोडल्यासारखं केलं आणि म्हणाला, "उठा. तुम्ही उठनात का मंग मी बुजस." मी उठले. त्याने चार फावडी चिखल आणि एक गवताचा पेंढा घालून ते तोंड असं बुजवलं, की तिथे काही झालंच नव्हतं. जाताना तो म्हणाला, की पाटकऱ्याला सांगावं लागेल, मला माफ करा. मी माफ केलं. दुसरं करणार काय?

भाऊ संध्याकाळी आला. हातपाय धुतले, जेवायला बसला, अर्धी भाकरी खाल्ली.

"किती येळ चालनं?"

"अर्धा तास," मी म्हटलं. "कमीच असेल."

"मी तठे नानाले सांगत व्हतू, पानी येस, दम धरा. धार बारीक व्हयनी, तरी मी सांगत व्हतू का येस." तो भाकरीकडे बघत म्हणाला. "नानाना निम्मा वाफा सुका ऱ्हायना."

मी शिक्षिका आहे. चूक झाली की आधी दुसऱ्याची चूक शोधायची ही माझी जुनी सवय. मी म्हटलं, तुझा ऊस मरत होता, तुला डोळे नाहीत का, तुझ्याचसाठी केलं. मग भावजय हळूच म्हणाली, की बारेकरी आपला माणूस आहे, तो सभेत तोंड उघडणार नाही, आणि अक्का परवा जळगावला जातील. मीही म्हटलं, कोणाला कळणार आहे. हे मीच म्हटलं, ते इथे लिहून ठेवते. भाऊ उठून हात धुवायला गेला.

आखाजीच्या सकाळी बंधाऱ्यावर सभा भरली. बायका तिकडे जात नाहीत. मी गेले, आणि आपण नदी बघायला आलोय अशा चेहऱ्याने जरा बाजूला उभी राहिले. नानांनी टॉवेल झटकला, घसा साफ केला आणि उठणार, तेवढ्यात भाऊ उभा राहिला.

"आज पहिली तक्रार मन्ही शे," तो म्हणाला. "परवा दुपारले पाटकरीना वावरमा बिनपाळीनं पानी गयं. अर्धा तास."

नाना अर्धवट उठले होते ते तसेच राहिले. ज्या गोष्टीसाठी ते महिनाभर तयारी करत होते ती दुसऱ्यानेच बोलून टाकली होती. मग कोणीतरी विचारलं, "कोनी सोडं?"

"वावर पाटकरीनं शे," भाऊ म्हणाला. "दुसरा कोनले इचारू नका."

त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एकदा बघितलं असतं तर मी कदाचित गप्प राहिले असते. जळगावात राहून माझी अहिराणी गंजली आहे, पण राग आला की ती परत येते, आणि त्या दिवशी मला स्वतःचाच राग आला होता.

"मी सोडं," मी ओरडले. "त्याले काय इचारतस? त्यानी आयुष्यमा कधी नही सोडं. मी सोडं, छत्रीघाई सोडं, आनी बंद व्हयेना म्हनीसन मीच त्यामा बठनू."

आता सगळे माझ्याकडे वळले. बारेकरी खाली मान घालून हसत होता. नाना दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं, "अक्का, तुम्ही पोरीस्ले काय शिकाडतस?"

"भूगोल."

"त्यामा पानी वरथीन खाले जास, इतलं तरी व्हई ना?"

सगळा बंधारा हसला. मला हसू येत नव्हतं, कारण भाऊ हसत नव्हता. हसणं ओसरल्यावर त्याने आपली शिक्षा आपणच सांगितली. या पाळीला पाटकऱ्याचा ऊस वगळायचा. भर वैशाखात एक पाळी चुकली की उसाचं काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, नानांनासुद्धा. त्यांनी टॉवेल डोक्यावरून काढून खांद्यावर घेतला. पुतण्या त्यांच्या मागेच उभा होता. त्याच्याकडे त्यांनी एकदा बघितलं.

"ऱ्हाऊ द्या त्यालेच," ते म्हणाले. "सवतानी तक्रार सवता करस, असा मानूस दुसरा कोठे भेटी? पन मी नजर ठेवसू." आणि मग, सगळे चहाकडे वळत असताना, "आनी अक्काले काय?"

खरंच, मला काय? रिवाज असा, की पाटाची जो खराबी करेल त्याने पाट साफ करायचा. दरवर्षी पाणी सोडण्याआधी गाळ काढतात, आणि प्रत्येक घराला आपला तुकडा नेमून दिलेला असतो. पण मी पडले लग्न करून दिलेली लेक. एक आबा म्हणाले, लेक सासरची, तिचं नाव पाटावर नाही, तिला तुकडा द्यायचा कसा? दुसरे म्हणाले, मग शिक्षा जळगावला पाठवा. तिसऱ्याने विचारलं, की जळगावात पाट आहे का? मी म्हटलं, मेहरूणला तलाव आहे. तलाव चालणार नाही असं ठरलं. हा वाद पाऊण तास चालला. मी जन्मल्यापासून माझ्याबद्दल गावात एवढी चर्चा झाली नसेल. शेवटी नानाच म्हणाले, "जिनी पाट फोडा, ती पाटनीच. द्या वीस हात."

आणि मला वीस हात पाट मिळाला. बरोबर त्याच जागी, जिथे मी बसले होते.

त्या वर्षी भाऊचा ऊस वाळला. सगळा नाही. मी भिजवलेला एक पट्टा तेवढा हिरवा राहिला, बाकीचं पिवळं. रस्त्यावरून जाणारा कोणीही बघून विचारायचा, की मधे हे असं कसं, आणि गावातलं कोणीही त्याला उत्साहाने सांगायचं. भावजयीने मला फोनवर कधी ऐकवलं नाही. मीच विचारायचे, पट्टा अजून हिरवा आहे का, आणि ती म्हणायची, आहे. त्या हंगामात मला ते ऐकून फार लाज वाटायची.

तेव्हापासून दरवर्षी गाळ काढायच्या दिवशी मी पहाटेची बस पकडून गावाला जाते. आमचे हे मेहरूणच्या तलावाभोवती फिरून येतात आणि शेजाऱ्यांना सांगतात, की आमच्या घरात एक कालवा आहे, पण तो धुळ्याला ठेवलाय. माझ्या तुकड्याला गावाने सुवेझ नाव दिलं आहे. "सुवेझपर्यंत गाळ निंघना का?" असं लोक सहज विचारतात, त्यात आता थट्टाही उरलेली नाही. गुडघे दुखतात, पाटीभर गाळ उचलला की कंबर धरते, पण माझी जागा मी दुसऱ्याला करू देत नाही.

भाऊ अजून पाटकरी आहे. गेल्या वर्षी गाळ काढून झाल्यावर तो काठाने तपासत आला. माझ्यापाशी थांबला, काठीने तळ टोकरला.

"अक्का, आठे गाळ शे."

"थोडासाच आहे."

"थोडासाच बी टोकले कमी पडस."

मी पुन्हा खाली उतरले आणि काढला. त्याने पुन्हा काठी घातली, पुन्हा बघितलं, आणि मग वर बंधाऱ्याकडे हात केला. बारेकऱ्याने पाणी सोडलं. ते आमच्या उसाला घासून, माझ्या वीस हातांमधून, माझ्या पायांवरून खाली निघून गेलं. आम्ही दोघं काठावर बसलो. भाऊने दोन वेळा घड्याळ बघितलं. मी सांजोऱ्यांचा डबा उघडला, माझ्याच हातच्या, फुटलेल्या. त्याने एक खाल्ली आणि काही बोलला नाही, म्हणजे बऱ्या झाल्या असाव्यात.

उन्हं कलायला लागली तेव्हा फोन वाजला. आपलाच असेल म्हणून भाऊने खिशात हात घातला. पण वाजत होता माझा. टोकावरून नाना बोलत होते. पाटकऱ्याला सोडून त्यांनी मला फोन केला होता.

"पोचनं, अक्का," ते म्हणाले. "भरीसन पोचनं."